माझ्या नावाने ओतलेली तीन मापे

किल्ली माझ्या हातात होती आणि ट्रकचे इंजिन चालू होते. नुसते चालू नव्हे. केबिन रिकामी होती, कोणाचा पाय कशावर नव्हता, तरी इंजिन आपणहून रेस घेत सुटले होते आणि धुरात समोरचे माणूस दिसत नव्हते. हे यंदाच्या दसऱ्याला सकाळी, कळमनुरीत, माझ्या स्वतःच्या दारात घडले. तोवर मला मृत्युपत्राची घाई नव्हती. त्या सकाळनंतर ती झाली.

मी, श्रीमती पद्मा राधाकृष्ण डिग्रसकर, वय एकोणसत्तर, शिक्षण बी.एस्सी., धंदा मालवाहतूक, राहणार नांदेड रस्ता, कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डोक्याची नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दबावाचे म्हणाल तर माझ्यावर दबाव आणू शकेल असे माणूस या घरात नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मुलगा नचिकेत आणि मुलगी जाई हे माझे वारस. जाई लग्न होऊन पुण्याला आहे. नचिकेत, त्याची पत्नी रेवती आणि माझे धाकटे दीर विश्वजीत माझ्याजवळ राहतात.

कलम १. राहते घर. यात नचिकेत आणि जाई यांचा निम्मा निम्मा हिस्सा. घर विकू नये असे मी लिहीत नाही. मेलेल्या माणसाने जिवंतांना एका जागी बांधून ठेवू नये. मात्र रेवती आणि विश्वजीत यांना हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क राहील, आणि विकायचे झाल्यास त्यांची सोय आधी करावी लागेल.

कलम २. बँकेतील ठेव जाईला. नचिकेतला लहानपणापासून जे मागेल ते मिळाले. जाईने कधी मागितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

कलम ३. ट्रक. हे कलम लांबेल, कारण लोक पुढे खुलासा मागतील आणि तो द्यायला मी नसेन.

हा ट्रक माझ्या कमाईचा आहे. पती राधाकृष्ण यांच्या मागे राहिलेला जुना ट्रक मोडीत जाऊन बरीच वर्षे झाली. कुरुंद्याची हळद सांगलीला पोहोचवून मी हे घर चालवले आणि त्याच धंद्यातून हा दुसरा ट्रक घेतला.

आमच्याकडे खंडेनवमीला ट्रकचे तेल बदलतात. जुने तेल काढायचे, फिल्टर बदलायचा, नवीन तेल भरायचे, मग पूजा. राधाकृष्णांनी यात एक रीत घातली होती. घरातल्या प्रत्येकाने एक लिटरचे एक माप स्वतःच्या हाताने इंजिनात ओतायचे. जी गाडी आपल्याला जेवू घालते तिला घरातल्या प्रत्येकाचा हात लागावा, असे ते म्हणत. रीत चांगली होती आणि तिला हिशेबही होता. या ट्रकला फिल्टरसकट चौदा लिटर तेल लागते. ड्रायव्हर आधी नऊ लिटर भरतो. घरचे आम्ही पाच जण, सणाला येणारी जाई धरून, पाच मापे ओततो. तेल खाली बसू देतो. मग मी तेल मोजायची काडी उपसते, पुसते, परत घालते आणि बघते. काडीवर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेला टेकावे, ओलांडू नये.

कमी तेलाने इंजिन झिजते हे कोणालाही माहीत असते. जास्त तेलाचे भय मात्र कोणाला नसते. जास्त घातले तर बिघडणार काय, असेच सगळे धरून चालतात. जास्त झालेले तेल आत घुसळले जाते, त्याचा फेस होतो, ते हवेच्या वाटेला लागते आणि इंजिन तेच जाळू लागते. मग त्याला डिझेल लागत नाही आणि किल्ली काढली तरी ते थांबत नाही.

यंदा खंडेनवमीला मी नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात होते. दसऱ्याला सकाळी काळा चष्मा लावून घरी आले, तेव्हा ट्रक शिवेपर्यंत जाऊन नुकताच परत आला होता. पुढे झेंडूचे तोरण. सगळे अंगणात. नचिकेत केबिनमधून ओरडला, "आई, आवाज ऐक, कशी मऊ चालून राहिली!" आणि त्याने पाय दाबला.

त्याने पाय काढला तरी आवाज खाली आला नाही. वर वर चढत गेला. त्याने किल्ली काढली, काही फरक नाही. तो खाली उडी मारून माझ्याकडे धावला आणि किल्ली माझ्या हातात कोंबली. "आई, बंद होईना!" जणू ती माझ्या हातात आल्यावर इंजिन ऐकणार होते. विश्वजीत ओरडत होते, "नारळ फोडा! आधी नारळ फोडा!" जाई मला पदराला धरून मागे ओढत होती.

एकटी रेवती ट्रककडे धावली. ती पुसेगावची. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली, हिंगोलीच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली. तिने पदर खोचला, केबिनमध्ये चढली, ब्रेक दाबून धरला, सगळ्यात वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. ब्रेकने अडलेल्या चाकांशी इंजिन जोडले गेले, ट्रकने एक हिसका दिला आणि गप्प झाला. त्या शांततेत शेजारच्या चंदाबाईंचा कुकर शिट्टी देत होता तेवढा ऐकू आला.

"तेल कोणी भरलं?" मी विचारले.

आमचा ड्रायव्हर फहीम ताडपत्री टाकून पुढे आला. "नऊ लिटर म्या भरलं बाई, बराबर दरसालचं. मंग घरचे मापं घिऊन आले, मी बाजूला झालो. पूजेत मी कुठं हात घालू?"

"आणि घरच्यांनी?"

"ज्याचं त्याचं एक," नचिकेत म्हणाला. "अन् तुझ्या नावाचं मी ओतलं. तू नव्हतीस ना."

"अरे, आईच्या नावाचं तर मी ओतलं होतं," जाई म्हणाली.

"म्या बी ओतलं की," विश्वजीत म्हणाले. "वहिनी दवाखान्यात, मंग त्यांचं माप तसंच ऱ्हाऊ द्यावं व्हय? अन् एक दादाच्या नावाचं. तेवढीच बरकत."

"बरकत बघितली आत्ता," मी म्हणाले. "काडी कोणी बघितली?"

रेवती केबिनच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मी बघते म्हणाले होते, आई. काका म्हणाले, हळदीकुंकू लागलेली काडी दसरा होईपर्यंत उपसायची नसते. मी परत म्हणाले, तर हे म्हणाले, तू सगळ्यांना शिकवू नको."

मला तेव्हा बसायला काहीतरी लागले. फहीमने स्टूल आणून दिले.

मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेले नाही. कोणी वाईटावर टपून हे केले असते तर मला समजले असते. असली माणसे मी धंद्यात पाहिली आहेत. इथे माझी तीन माणसे. मी घरी नाही म्हणून प्रत्येकाला माझी आठवण झाली, प्रत्येकाने माझ्यासाठी एक माप ओतले, आणि एकानेही दुसऱ्याला विचारले नाही. जिला काडी बघायचे सुचले तिला गप्प बसवले. इंजिन फुटले असते तर त्याच्या अगदी वर रेवती बसलेली होती. माझ्यावरच्या मायेने माझी सून मेली असती. हे वाक्य मी वहीवर लिहून पाहिले, खोडले, परत लिहिले. ते खरे आहे, म्हणून इथे ठेवते.

म्हणून ट्रक, त्याचे परमिट आणि वाहतुकीचा धंदा माझ्या पश्चात रेवती नचिकेत डिग्रसकर हिचा एकटीचा. नचिकेतने व्यापाऱ्यांशी बोलावे, माल मिळवावा. ते त्याला माझ्यापेक्षा चांगले जमते. पण नवरा आहे म्हणून मालक समजू नये.

हे मी दोघांना समोर बसवून सांगितले. नचिकेत म्हणाला, "आई, लोकं काय म्हणतील? बायकोच्या गाडीवर काम करतो?"

"इतकी वर्षं आईच्या गाडीवर जेवलास, तेव्हा काय म्हणाले?"

नकार दिला तो रेवतीने. "मला नको, आई. तुमच्या मागं सगळे म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं होतं, सुनेनं कान भरले. मी जन्मभर त्याच घरात राहायचं. द्यायचं असेल तर आत्ता द्या, तुम्ही बसलेल्या असताना, सगळ्यांसमोर. नसेल तर नाव घालू नका."

मी एवढे धडधडीत कोणाकडून ऐकून घ्यायची सवय ठेवलेली नाही. रात्रभर रागात होते. सकाळी तिचे म्हणणे बरोबर आहे हे कबूल करावे लागले. मालकी कागदाने पुढे जाईल. ताबा आज देत आहे. त्याची नोंद शेवटी आहे.

कलम ४. खंडेनवमीची रीत बंद करू नये. हळदीकुंकू सर्वांनी वाहावे. तेल मात्र एकाच हाताने भरावे आणि काडी त्याच वेळी, पूजेच्या आधी, उपसून पाहावी. गैरहजर माणसाच्या नावाने माप ओतू नये. राधाकृष्णांच्या नावाने ओतू नये. मी गेल्यावर माझ्या नावाने एक थेंबही ओतू नये. कोणाला माझी फारच आठवण आली तर त्याने काडी पुसावी.

कलम ५. माझी पान्यांची पेटी आणि मोठा जॅक फहीमला. त्याचे वडील महेबूब आमचे पहिले ड्रायव्हर. राधाकृष्ण गेल्यावर गाडीच्या चाकाचे बोल्ट आवळायला मला त्यांनी शिकवले, आणि मी चुकले की "ताई, कॉलेजात हे नव्हतं का?" म्हणून हसत. फहीमला गाडी चालवायची आहे तोपर्यंत ती त्याच्याच हाती राहावी. यापुढे काडी पाहिल्याशिवाय त्याने गाडी हलवू नये, मग पूजा कोणाचीही असो.

कलम ६. दीर विश्वजीत यांना माझी आरामखुर्ची. राधाकृष्णांच्या तेराव्याला ते चारचौघांत म्हणाले होते, "बाईच्या हातची गाडी, म्या तर बसनार न्हाई." त्यांनी शब्द पाळला, कळमनुरी ते हिंगोली कायम एसटीने गेले. आता एसटीत उभे राहणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. गाडी हिंगोलीला जात असेल तर रेवतीने त्यांना विचारावे. ते नाही म्हणतील. पुन्हा विचारावे.

कलम ७. माझी रसायनशास्त्राची पुस्तके जुनी झाली आहेत, रद्दीत द्यावीत. सोन्याच्या पाटल्या जाईच्या. चंदाबाईंकडे माझे मोठे पितळी पातेले आहे. ते मागू नये. त्यांनी आणून दिले तर नाही म्हणू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जाईने करावी. ती चिडत नाही आणि विसरतही नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचून दाखवले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा मिळाला.

सही: पद्मा राधाकृष्ण डिग्रसकर
साक्षीदार: १. धर्मसिंग राठोड, निवृत्त शिक्षक, पुसेगाव
२. निता कान्हेगावकर, मुख्याध्यापिका, कळमनुरी
ठिकाण: कळमनुरी, जिल्हा हिंगोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

ताबा दिल्याची नोंद

वरील सह्या झाल्यानंतर, त्याच दिवशी, घरातील सर्वांसमोर रेवतीच्या ताब्यात दिले ते असे: ट्रक, इंजिन दुरुस्त झालेला आणि तेल काढून ठेवलेला, त्याच्या सर्व किल्ल्या, नोंदणी, परमिट आणि विम्याचे मूळ कागद, दोर आणि ताडपत्र्या, नवीन फिल्टर, इंजिन ऑइलची सील न फोडलेली बादली.

बादलीचे सील तिने तिथेच फोडले. फहीमने फिल्टर बसवला. नचिकेतने नरसाळे धरले. मी ओट्यावर बसून होते. तिने तेल ओतले, थांबली, काडी उपसली, पुसली, परत घातली, पाहिली, थोडे आणखी ओतले आणि बादलीचे झाकण लावले. विश्वजीत म्हणाले, "बादलीत उरलंय की अजून." ती म्हणाली, "उरू द्या, काका."

किती भरले ते तिने मला सांगितले नाही. मी विचारले नाही.

देणार: पद्मा राधाकृष्ण डिग्रसकर
घेणार: रेवती नचिकेत डिग्रसकर