अनुदानाची शेगडी

माय, गोठ्यामागची गोबरगॅसची टाकी परवा बुजवून टाकली. तिची लोखंडी टोपी भंगारवाल्यानं नेली. ती गाडीत चढवताना तुझा आवाज आठवला, "टोपी वर आली का पाह्य वो." गॅस भरला की टोपी वर यायची, आणि शाळेत जाण्याआधी ते बघून सांगणं माझं काम होतं.

ती टाकी सरकारी अनुदानावरची. आपल्या सेलूकडच्या गावांत तेव्हा ती गोष्ट नवीनच होती. अर्धं अनुदान खड्डा बांधून झाल्यावर मिळालं. उरलेलं मिळणार होतं ते साहेबांनी शेगडी पेटलेली बघितल्यावर, आणि त्या भरवशावर बाबांनी गोऱ्हा विकून टोपी आणली. हिवाळ्यात साहेब आले. तू चहाचं आधण ठेवलंस, ते उकळायच्या आतच ज्योत विझली. साहेबांनी विचारलं, "शेण जातं कुठं?" तूच सांगितलंस, "अर्धं रोज एका बाईले देतो. तिच्याकडं ढोरं नाईत. गवऱ्या थापते, त्याच्यावर तिची चूल पेटते." ती बौद्धपुऱ्यातली, आपल्या कपाशीत निंदायला येणारी. सकाळी गोठ्याच्या दारापर्यंत यायची आणि टोपली घेऊन तिथूनच परत जायची. साहेब म्हणाले, "सगळं शेण टाकीत गेलं पाहिजे, बाई. महिन्यानं येतो. ज्योत टिकली नाही तर उरलेले पैसे विसरा."

दुसऱ्या सकाळी तू तिला टोपली दिली नाहीस. "शेन नाई आता," म्हणालीस. "पीठ घेऊन येत जाजो. भाकरी इथंच शेगडीवर टाकजो." ती हसली. "वा वो बाई! इतके वर्सं शेन नेलं तं गोठ्याच्या पुढं बलावलं नाई. आता सरकारचा गॅस आला तं सैपाकघर दाखवून राह्यली का?" काही दिवस ती आलीच नाही. मग एका सकाळी स्वतःच्या परातीत स्वतःचं पीठ घेऊन आली. बाबांनी तुला बाजूला घेतलं, "सैपाकघरात? लोकं काय म्हनतीन?" तू म्हणालीस, "तिच्या चुलीचं शेन आपल्या टाकीत गेलं. मंग तिची भाकर आपल्या शेगडीवर नाई होईन तं कुठी होईन?" बाबा अंगणात जाऊन बसले.

महिना झाला. साहेब येतात तेव्हा शेगडीपुढे तीच बसलेली आहे. तू तिला उठवत नाहीस, चहा तिलाच ठेवायला सांगतेस. "घरच्या का या?" साहेब विचारतात. "सरकारले ज्योत पाह्यजे ना, साहेब?" ती म्हणते. "मंग माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" साहेब हसतात. चहा उकळतो, वर येतो. एक कप ती साहेबांना देते आणि दुसरा बाबांपुढे धरते. बाबा कपाकडे बघतात, तुझ्याकडे बघतात. मग घेतात.

अनुदान आलं, आणि ती यायची थांबली. आता तुझं काम झालं, असं तिनं धरलं असावं. तू डोक्यावर पदर घेऊन निघालीस, मी मागोमाग. बौद्धपुऱ्यात तू पाऊल टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिच्या दाराशी उभी राहून तू एवढंच विचारलंस, "पीठ मळलं का वो?" तिनं तुला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "बस. घेऊन येतो."

पुढे कितीतरी वर्षं तुम्ही दोघी त्या शेगडीपाशी बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. मी आत आले की आवाज खाली यायचा. तुला वाचता येत नव्हतं, आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायची. तू असतीस तर हे पत्रही मीच वाचलं असतं. तिच्याशी बोलायचीस तेवढं तू माझ्याशी कधी बोलली नाहीस, आणि मला तिचा हेवा वाटायचा. एवढं वाक्य मात्र मी वाचताना गाळलं असतं.