पाठीवरची फुली

३ फेब्रुवारी, दुपारी २.२०, रंध्याच्या पात्याला धार लावून हात पुसले.

ती. ताईस, शि. सा. न.

बाबांचं ऑपरेशन बारा तारखेला ठरलं. मणक्यातल्या गादीचा तुकडा सरकून नसेवर बसलाय, म्हणून आठ महिने डावा पाय फरफटतोय. डॉक्टर म्हणतात, पाठ उघडायची गरजच नाही. पेन्सिलीएवढी नळी, टोकाला कॅमेरा आणि वाट दाखवायला संगणक. बाबा म्हणाले, कुलपाच्या भोकातून कपाट दुरुस्त करणारा सुतार त्यांनी तरी पाहिलेला नाही.

मला धास्ती एकच. भलत्याच बाजूला नळी घातली तर? म्हणून आदल्या दुपारी बाबा पालथे झोपले की कामाच्या पेन्सिलीने पाठीवर फुली मारणार आहे. त्यांना कळवू नकोस.

तुझा,
मोजपट्टी

८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, फळी पालथी घातली की डावीकडची खूण तू उजवीकडे नेतोस. माझ्या कपाटाची मूठ बिजागरीच्या बाजूला बसवलीस ती अशीच! माणूस पालथा झाला तरी त्याचा डावा पाय डावाच राहतो. फुली मारू नकोस. मारलीसच तर डॉक्टरांना सांग.

बाबांना जप. स्वतः जेव.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.०५, बाबांची पावलं नुकतीच मोजून झाली.

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र निघताना हाती पडलं, फोडलं ते बाबा आत गेल्यावर. फुली मी उजवीकडेच मारली होती! धावत नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, ती केव्हाच पुसली; बाजू डॉक्टरांनी बाबांना तीनदा विचारली, फोटोंशी ताडून पाहिली आणि खूण स्वतः केली. मी सुतार हे कळल्यावर वर विचारलं, तुम्ही बसवलेली दारं तरी उघडतात ना?

नंतर डॉक्टरांनी आतलं चित्रण दाखवलं. ताई, मी बाबांची नस पाहिली. पडद्यावर आखलेल्या रेषेवरून नळी केसभरही न ढळता उतरली. ओल्या कापसासारखा तुकडा चिमट्यात आला आणि चपटी पडलेली नस वर येऊन हळूहळू धडधडू लागली. बाबा जागे होते. डॉक्टरांनी डाव्या पायाचा अंगठा हलवायला सांगितला. तो हलला. जखम माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

मघाशी बाबा दारापर्यंत अकरा पावलं चालले. चप्पल फक्त पहिल्या दोन पावलांना घासली. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाले, हात बरा आहे. इतक्या वर्षांत माझ्या सुतारकामाला हे एकदाही म्हणाले नाहीत. पण आज हेवा वाटला नाही गं. मीही डॉक्टरांना तेच दोनदा म्हणालो.

लोभ आहेच, चिडवणंही चालू ठेव.

तुझा,
मोजपट्टी