हवा उतरवलेली व्हॅन

॥ श्री गजानन ॥
वरसे, रोहा
दि. ३ सप्टेंबर १९९६

चि. हिरामण यास अनिताताईचे आशीर्वाद. मोठ्या बहिणीने लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. आज मनातून येत नाहीत.

ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला आहे. शनिवारी पहिल्या शिफ्टला निघाले, तर नागोठण्याच्या अलीकडे मागचं डावं चाक फुटलं आणि व्हॅन भाताच्या खाचरात गेली. चिखलात रुतली म्हणून वाचले. समोरून ट्रक येत होता, तो जरा आधी आला असता तर मी आज तुला पत्र लिहीत बसले नसते. दीड महिना प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात पाय सरळ होईल, पण मांडी घालून बसणं आता कठीणच.

आता नीट वाच. गॅरेजवाल्याने उरलेल्या तीन चाकांची हवा मोजली. तिन्हीत निम्मी. तो म्हणाला की इतकी सारखी हवा आपोआप जात नाही, कुणीतरी हाताने काढली आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर कणकेसारखा मळला जातो, तापतो आणि फुटतो. मागच्या मंगळवारी व्हॅन तू पेणला नेलीस, दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमेला इथल्या तीन घरच्या मूर्ती पोचवून दारात लावलीस. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. हे मला दोन दिवस सांगत होते, स्टिअरिंग जड लागतंय, गाडी ओढत चालल्यासारखी चालतेय. मी म्हटलं, पावसाचे रस्ते आहेत, चिखल लागला असेल.

आमच्या पोरीने, पूजाने, कुठल्याशा मासिकात वाचलं, म्हणे परदेशी गाड्यांत चाकातली हवा कमी झाली की समोर दिवा लागतो. आपल्या व्हॅनला कुठला दिवा? आपल्याकडे सांगणारा माणूसच लागतो. आणि तो माणूस राखीलाही न थांबता एसटीने निघून गेला. मी कुंडलिकेवर नारळ सोडायला गेले होते, पाऊणएक तासात परत आले, तर दारात नुसती व्हॅन आणि तुळशीत किल्ली. तुझ्या कामाला यश यावं म्हणून त्या दिवसापासून देव्हाऱ्यात एक जास्तीचं फूल वाहत होते. कालपासून बंद केलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून आमचा गणपती माहेराहून येतो. आधी आबा करायचे, आता तू करतोस. या वर्षी तुझी मूर्ती माझ्या पाटावर बसणार नाही. बाजारातून आणीन.

कळावे. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
अनिता

॥ श्री ॥
रामवाडी, पेण
दि. ६ सप्टेंबर १९९६

ती. अनिताताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

भावजींचं वाचलं. रातोरात यायला हवं होतं, पण कारखान्यात साठ मूर्ती ओल्या रंगात उभ्या हायत आणि हाताखाली फक्त सखा. हे कारण नाय, नुसतं सांगतो. पण ताई, तू मला चोर ठरवलंस ते मी गिळणार नाय.

व्हय, हवा मीच काढली. आपल्या आबांपासूनची रीत हाय, तू पेणेत वाढलीस आणि विसरलीस? शाडूची मूर्ती गाडीत चढवायच्या आधी चारही चाकं निम्मी उतरवायची. मग खड्डा लागला तरी धक्का वर पोचत नाय, सोंडेला तडा जात नाय. गाडी बैलगाडीगत हाकायची आणि मूर्ती उतरल्यावर पहिल्या पंपावर हवा भरायची. मी रोह्यात दोन ठिकाणी गेलो. पौर्णिमेमुळे एक दुकान बंद, दुसरीकडे लाईट नाय. एसटी सुटायची वेळ झाली होती आणि इथं रंग वाळत चालला होता.

तू दिव्याचं लिहिलंस. दिवा मी लावला होता! हवा उतरवलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधतात. हवा भरल्याशिवाय ते कुणी सोडत नाय. पेणेत हे कुणालाही विचार, रिकाम्या गाडीला लाल फडकं दिसलं की लोक गाडी ढकलत पंपावर नेतील पण चालवणार नाय. मी दोन गाठी मारल्या होत्या, ओढून ओढून. ते फडकं भावजींनी काढलं असणार आणि काच पुसायला घेतलं असणार. स्टिअरिंग जड लागतंय हे दोन दिवस कळत होतं ना? मग खाली उतरून चाकाला एक लाथ मारून बघायला काय झालं होतं? मला एकट्याला फासावर देऊ नको.

तुझी मूर्ती झालीय. फक्त डोळ्यांची आखणी राह्यलीय. तुझं पत्र आलं त्या दिवशी ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. ती बिनडोळ्यांची फळीवर उभी हाय, बाकीच्या मूर्तींकडे तोंड करून मी काम करतो. तुला नको असेल तर सांग, पाण्यात घालून परत माती करतो. दुसऱ्या कुणाला ती मी देणार नाय. शुक्रवारपर्यंत कळव.

भावजींच्या पायाला माझ्या वतीने हात लावून नमस्कार कर. तुझ्या रागातसुद्धा मला जागा असू दे.
हिरामण

॥ श्री ॥
वरसे, रोहा
दि. ९ सप्टेंबर १९९६

चि. हिरामण यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी वाचता वाचता ह्यांच्यावर उसळले. पाय उशीवर ठेवून पडलेला माणूस, त्यांना म्हटलं, फडकं काढून काच पुसलीत, माझ्या भावावर आळ आला, अन् तुम्ही गप्प कसे बसलात? शेजारची धोंडुबाई दारापर्यंत आली एवढा माझा आवाज. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, गाडीत मी कसलंच फडकं पाहिलं नाही.

तेव्हा मला आठवलं.

हिरामण, ते फडकं मी सोडलं. कुंडलिकेवरून आले, गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगला लाल फडकं. मूर्ती नेताना तोंड झाकतात त्यातलंच असेल, तू माझ्यासाठी ठेवून गेलास असं वाटलं. देवाचं वस्त्र गाडीत धुळीत कशाला, म्हणून सोडवलं. गाठ नखाने सुटेना तर दाताने सोडवली. घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. ते जास्तीचं फूल त्याच्यावर वाहत होते रे. रोज हळदकुंकू लावून फूल वाहत होते आणि खाली दारातून हे तीच गाडी घेऊन जात होते.

हे मी ह्यांना सांगितलं. त्यांनी नुसता चहा मागितला. मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो गेला असं समजू नकोस. पेणेची रीत पेणेत. मी माहेर सोडून बावीस वर्षं झाली आणि आबांच्या वेळी गाड्या कुठे होत्या, हातगाडीवर मूर्ती जायच्या. तुला फडकं बांधायला वेळ होता, दोन गाठी मारायला वेळ होता, मग धोंडुबाईच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायला काय झालं होतं? ती घरातच होती. तोंड कशाला दिलंय देवाने? मूर्तीच्या सोंडेची काळजी केलीस तेवढी माणसाच्या पायाची करायची होतीस. हे मी भेटल्यावर पुन्हा बोलणार आहे, सखासमोर बोलणार आहे.

माती करू नकोस. आखणी कर. शनिवारी सकाळच्या एसटीने मी येते, मूर्ती मांडीवर घेऊन परतेन. ह्यांना पाटासमोर बसता येणार नाही, खुर्चीवर बसून हात जोडतील. पूजाविधी मी सांगेन तसा पोरीकडून करून घेईन.

फडकं धुऊन पिशवीत ठेवलं आहे, कुंकवाचा डाग काही गेला नाही. ते तुझ्या हातात देणार आहे. यापुढे माझ्या दारातल्या गाडीला बांधलंस तर आधी मला हाक मारायची, मी नदीवर असले तर नदीवर येऊन हाक मारायची. एसटी चुकली तर चुकू दे, जेवून जा, राखी बांधून घेऊन जा. राखी अजून तशीच पुडीत आहे, तीही आणते.

रागावलेलीच आहे, तरी जीव तुझ्यात आहे हे जाणून अस.
तुझी ताई