ऋतुजा बूट घालत नाही

२४ जून, सोमवार

मोंढ्यात वजनं झाली. शाळेतला काटा बिघडलाय, म्हणून अडतीवरचा धान्याचा काटा. सोळा पोरी ओळीनं, आणि हमालांची फुकटची करमणूक! एकानं विचारलं, "सर, तूर हाय का हरभरा?" ऋतुजा काट्यावरूनच म्हणाली, "बियाणं हाय मामा, इकायचं न्हाई." सगळे हसले. मग मी आकडा बघितला — अडतीस किलो. दहावीतली पोर, फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळते, अख्खी टीम तिच्या पायावर फिरते, आणि वजन अडतीस!

हंगाम लांब आहे. तालुका, जिल्हा, विभाग, आणि जमलंच तर राज्य. उदगीरची आमची शाळा राज्याला कधी गेलेली नाही. जूनमध्ये सगळ्या वाऱ्यासारख्या पळतात आणि ऑक्टोबरपर्यंत निम्म्या लंगडतात, दरवर्षीचं रडगाणं. यंदा एकही गळू द्यायची नाही. त्यासाठीच ही वही. कुणाला दाखवायची नाही, घरी बायकोला, फुलालाही नाही.

१० जुलै, बुधवार

फुलाला न दाखवता ही टीम चालणार नाही, हे पंधरा दिवसांत कळलं. पोरी पाळीच्या तारखा मला थोड्याच सांगणार! त्या तिला सांगतात. फुला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब मारते आणि सकाळी चहा देताना म्हणते, "आज चौघींना हळू पळवा." कोणत्या चौघी, ते नावानिशी. पंचवीस वर्षं खेळ शिकवतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायकोच्या आलं.

शिवाय रोजचे सतरा लाडू. शेंगदाणा, गूळ, थोडे तीळ. ऋतुजाला दोन. बाकीच्यांनी कुरकुर केली तर फुला म्हणाली, "तिच्याएवढं पळा, मग तुमालाबी दोन."

ऋतुजाला नवे बूट आणले. आजवर मोठ्या बहिणीचे घालायची, पुढं कापूस कोंबून. नवे घालून तिनं अर्धा तास नुसतं चालून दाखवलं. फुलाला!

३१ जुलै, बुधवार

ऋतुजाचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पावणेनऊ. डॉक्टर म्हणाले, ही पळते कशी? गोळ्या सुरू. चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत. हे तिला सांगितलं, तिच्या आईला सांगितलं, आणि खात्री म्हणून फुलाला सांगितलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

तालुका जिंकलो. ४–०. एकही पोर लंगडत नाही!

२२ ऑगस्ट, गुरुवार

फुलाच्या छातीत गाठ आहे. लाडू वळता वळता सांगितलं, जसं काही मीठ संपलंय. "दोन म्हैने झाले आसतील."

दोन महिने! मी रोज सकाळी सोळा पोरींना एकेक करून विचारतो, कुठं दुखतंय का? गुडघा, घोटा, पोटरी. वहीत लिहितो. घरात एकदाही विचारलं नाही. लाज वाटते आहे, आणि भीती त्याहून जास्त.

३० ऑगस्ट, शुक्रवार. लातूर

गाठ काढली. तपासायला पाठवलीय. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील म्हणे. फुला शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य — "पोरीचे लाडू?"

सराव शाळेचे शिपाई बसलिंगप्पा घेतात. फोनवर म्हणाले, "सर, पोरी पळायल्यात. मी शिट्टी वाजवायलाव. दोनी कामं चांगली चालल्यात."

१ सप्टेंबर, रविवार. लातूर

ऋतुजा आली होती. एकटी, एसटीनं, भर पावसात. पोरींनी केलेले लाडू घेऊन. असले घट्ट की पलंगाच्या दांडीवर आपटून फोडले! फुला हसली आणि टाके दुखले म्हणून रडली, मग परत हसली. ऋतुजा पायथ्याशी उभी. एरवी हिचं तोंड बंद नसतं, आज गप्प. जाताना फुलाच्या पायाला हात लावून बराच वेळ तशीच वाकून होती.

मी तिला म्हटलं, दोन तास बसमध्ये बसलीस, आता पोटऱ्या ताणून घे.

१० सप्टेंबर, मंगळवार

जिल्हा जिंकलो. २–१. दोन्ही गोल ऋतुजाचे. फुला घरी आहे, डावा हात अजून वर जात नाही. कॅलेंडरवरची टिंबं मात्र चालू झाली. रिपोर्ट नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

साधी गाठ! साधी! डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तरी मी तिसऱ्यांदा विचारलं.

मैदानावर येऊन पोरींना सांगितलं. कालवा केला सगळ्यांनी. ऋतुजानं न सांगता मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. म्हटलं, काय झालं गं? "पाय मोकळे करायले, सर."

२ ऑक्टोबर, बुधवार

मोंढ्यात वजनं. ऋतुजा साडेएक्केचाळीस! हिमोग्लोबिन साडेअकरा. चौदा महिन्यांत नव्हे, चौदा आठवड्यांत. सोळापैकी सोळा धडधाकट. नऊ तारखेला नांदेडला विभागीय सामना, तो जिंकला की राज्य. राज्याला निवडवाले येतात. त्यांनी ऋतुजाला एकदा बघावं, बस्स! मग तिला क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळते, खाणं-राहणं-खेळ सगळं तिथं. हे वर्षच तिचं आहे. पुढच्या वर्षी ती सतराखालीलमध्ये बसत नाही.

इतकं सुरळीत चाललंय की भीती वाटते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. ऋतुजा सरावाला अनवाणी आली. नऊ दिवस पायात काही घालणार नाही. नवस आहे!

म्हटलं, नऊ तारीख सातव्या दिवशी येते. बुटाशिवाय पंच आत घेत नाहीत. "ठावं हाय, सर." कशाचा नवस? "सांगता येत न्हाई. फिटल्यावर सांगते."

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी घट नाही, नवस नाही. दुसऱ्याच्या देवाला मी कधी नाव ठेवलेलं नाही. पण आज तोंडावर आलं होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "मलाबी सांगंना झालीय. व्यंकट भरतीला पळायलाय, भावासाठीच आसल बगा."

म्हणजे भावानं पोलीस व्हावं म्हणून बहिणीनं बूट सोडायचे. भाऊ बूट घालून पळतोय! संताप आला. चहा अर्धा टाकून उठलो. तेही चुकलं.

६ ऑक्टोबर, रविवार

ऋतुजा अनवाणी सगळा सराव करते, बाकीच्यांबरोबर, तेवढ्याच जोरात. पायात बाभळीचा काटा गेला. फुलानं अंगणात बसवून सुईनं काढला. मी फुलाला म्हटलं, तुझं ऐकते ती, समजाव. दोघी तासभर बोलत होत्या. फुला आत आली ती डोळे पुसत.

"राहू द्या तिला."

का?

"राहू द्या म्हनलं ना."

बायकांचं काय असेल ते असो. माझी टीम आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी एक डोकं लढवलं. जुने बूट घेऊन चांभाराकडं गेलो आणि तळवा पूर्ण कापून घेतला. वरून बूट, खालून उघडा पाय! पंचांना बूट दिसणार, तिचा पाय मातीलाच टेकणार. नवसही राहिला, सामनाही राहिला. मी स्वतःवर खूश.

ऋतुजानं बूट हातात घेऊन उलटे केले. तळव्यातून हात बाहेर काढून बघितला. हसू आलं तिला, मग डोळ्यांत पाणी.

"देवीला फसवू का, सर?"

तिनं बूट परत माझ्या हातात दिले, दोन्ही हातांनी.

९ ऑक्टोबर, बुधवार. नांदेड

हरलो. ०–१.

पंचांनी तिला रेषेबाहेर बसवलं. तिच्या जागी अंजूला घेतलं. बिचारी जीव तोडून पळाली, पण अंजू अंजू आहे. ऋतुजा पूर्ण वेळ अनवाणी पायांनी काठाकाठानं पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत होती आणि ओरडत होती, "अंजे, डावीकडं! डावीकडं बग!" गोल शेवटच्या चार मिनिटांत बसला. डावीकडूनच.

शिट्टी झाली तेव्हा आमची एकही पोर लंगडत नव्हती. चार महिने हेच मागितलं होतं. मिळालं, आणि हरलो!

परतीच्या बसमध्ये तिला बोललो. सगळ्यांसमोर. "तुझ्या एका नवसापायी पंधरा जणींचं वर्ष गेलं." ती म्हणाली, "हाव, सर." एवढंच. मग अंजूच्या पोटरीला बर्फ लावायला गेली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

तिच्याशी बोललो नाही. फुला माझ्याशी बोलत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून आम्ही विहाराला निघालो, तर दारात ऋतुजा. हातात आपट्याची पानं, पायात बूट. तळवे सुजलेत म्हणून नाड्या मोकळ्या. पहिलं पान फुलाला दिलं आणि म्हणाली, "काकू, फिटला."

फुलानं तिला जवळ घेतलं. उजव्या हातानं, मग डावाही वर गेला. मला काही कळेना. शेवटी फुलाच म्हणाली, "लातूरला माज्या पायापाशी उभी ऱ्हाऊन मनात नवस बोलली होती ती. गाठ साधी निघाली तर नऊ दिस अनवाणी. तिनं मला सांगितलं न्हाई, काटा काढताना मीच वळखलं."

बसमधलं माझं वाक्य आठवलं. तिची माफी मागितली. नीट जमली नाही. ती म्हणाली, "आता एकोणीसखालील हाय की, सर," आणि मलाही पान दिलं.

ती गेल्यावर फुलाला म्हटलं, मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर?

"तुमी तिला बूट घालायला लावलं आसतं."

लावलंच असतं.