गेरू न लागलेली जागा

आबा, आज दादाच्या पोटाचा एमआरआय मीच केला. तुमचाही इथे बीडलाच झाला होता. तेव्हा मी शाळेत होते आणि तुमचा चांदीचा करदोडा रुमालात बांधून बाहेरच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "लई गार हाय आत." एवढंच. रिपोर्टात लिहिलं होतं की यकृतात एक संशयास्पद जागा आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तुमच्या शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून टोचायचं औषध, साधं होतं. ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं आणि लघवीवाटे निघून जातं. वाईट गाठ असेल तर ती आधी उजळते, मग भोवतीच्या यकृतापेक्षा काळपट होते. तुमची फिल्म मी नंतर पाहिली आहे. उजळलेलं दिसतं, काळपट होणं स्पष्ट नाही. आता दुसरं एक कॉन्ट्रास्ट मिळतं. ते यकृताच्या चांगल्या पेशी आत ओढून घेतात. वीसेक मिनिटं थांबून पुन्हा चित्र काढलं की सगळं यकृत उजळतं आणि बिघडलेला भाग बहुधा काळा राहतो. ते सगळ्याच बाबतीत सरस आहे असं नाही. ते दिल्यावर काहींचा श्वास अडखळतो आणि पहिलीच, महत्त्वाची चित्रं हलतात. यकृत फार खराब असेल तर ते नीट उजळतही नाही. तरी तुम्हाला ते दिलं असतं तर काय झालं असतं, हे मी बरीच वर्षं मनात मांडून पाहिलं. आता पाहत नाही. कारण तीन महिन्यांनी तुम्ही कळप घेऊन सिरसाळ्याकडे होतात. ज्वारी निघाली होती, आणि लेंडीखतासाठी एकाच्या रानात मेंढ्या बसवायचा शब्द तुम्ही दिला होता. आई म्हणाली, एक दिवस जाऊन या. तुम्ही म्हणालात, "आन् कळप काय दवाखान्याच्या बाकावर बसवू?" आम्ही सगळे हसलो. कळप परतला तेव्हा तुमच्या पोटात पाणी झालं होतं. त्यानंतर कुठल्याच कॉन्ट्रास्टची गरज पडली नाही.

तुमच्यामागे घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. तुमचं यकृत ज्या बी प्रकारच्या काविळीने बिघडलं होतं, ती दादाच्या रक्तात निघाली. तो गोळी रोज घेतो, सोनोग्राफीला वेळेवर येतो, कळप दुसऱ्यावर सोपवून येतो. यावेळच्या सोनोग्राफीत एक ठिपका दिसला. डॉक्टरांनी दुसरं कॉन्ट्रास्ट वापरायला सांगितलं.

टेबलावर मी पट्टे आवळत होते तेव्हा तो म्हणाला, "लहानपणी तुला एक कोकरू धरता येत न्हवतं. आता मला बांधून घालतीस व्हय?" मी त्याला हलू नको म्हणाले. औषध देऊन थांबायचं असतं त्या वेळात त्याने विचारलं, कशासाठी थांबलोय. मी त्याला तुमचंच उदाहरण दिलं. मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं की तुम्ही प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचात. संध्याकाळी कळपावर नुसती नजर फिरवली की राहिलेली मेंढी आपोआप कळायची. तसंच हे, म्हटलं. मग मी काचेपलीकडे जाऊन शेवटची चित्रं घेतली.

त्याचा श्वास एकदाही चुकला नाही. चित्रं स्वच्छ आली, पहिल्या टप्प्यातलीसुद्धा.

टेबल बाहेर घेतलं. तो उठून बसला, करदोडा बांधायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गेरू लागला का समद्याला?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. नियम तसाच आहे. रोज मी सगळ्यांना हेच सांगते.

त्याने मान हलवली, गाठ दोनदा मारली, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही ठेवायचात तसा, जड. आता तो केजच्या जीपमध्ये असेल. रिपोर्ट उद्या येईल.

नाही लागला, आबा. एक जागा राहिली आहे. तुमच्या फिल्मवरच्या जागेपेक्षा लहान आहे, आणि यावेळी वेळेत दिसली आहे. डॉक्टर म्हणतील, अजून काही करता येईल. हे सगळं बरोबर आहे. तरी त्याचा हात डोक्यावर होता तेव्हा मी मान वर केली नाही. केली असती तर त्याला उद्यापर्यंत थांबावं लागलं नसतं.