दिराच्या रिमोटवर आमची गाडी

ता. गोरेगाव, जि. गोंदिया
१२ जानेवारी २०११

चि. संजूला बाईचे अनेक आशीर्वाद.

सौ. हर्षाची पाठ आता कशी आहे? तिला म्हणावं, खाली बसून भांडी घासू नको. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचं बीपीही ठीकच म्हणायचं (गोळी घेत नाहीत आणि मोजूही देत नाहीत, त्यामुळे वाढल्याची तक्रार नाही). पुढची हकीकत फोनवर सांगितली असती; पण फोन यांच्या खिशात असतो, आणि मी बोलायला लागले की हे समोर बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात. शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तरकी गेली नाही.

तू नागपूरहून पाठवलेला गाडीचा नवा रिमोट दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत मिळाला. पहिल्या दोहोंपैकी एक धानाच्या रोवणीच्या वेळी शेतात, बांधीतल्या चिखलात पडला, हे तुला माहीत आहेच. (रोवणी पाहायला गेलेल्या माणसाने रिमोट कशाला न्यावा, हे मी विचारलं नाही.) नव्या रिमोटला गाडीची ओळख करून द्यावी लागते, ते गोंदियाच्या मेकॅनिककडून करून घ्या, असं तू बजावलं होतंस. हे म्हणाले, "मेकॅनिक कायले पाहिजे? मी जिंदगीभर विज्ञान शिकवलं." शेजारच्या गुरुजींनाही तसं सांगून आले, म्हणजे परतीचा रस्ता बंद. मग मेकॅनिकला दाखवायला म्हणून तू इंटरनेटवरून काढून दिलेला कागद माझ्या हाती दिला, मला मागच्या सीटवर बसवलं, सगळी दारं लावून घेतली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचत गेले, हे चावी फिरवत गेले. चालू, बंद, चालू, बंद. शेवटी चारही दारांची लॉकं आपोआप टकटक वाजली. कागदात लिहिलं होतं की आता गाडी जुनं सगळं विसरली. आता लगेच ज्या रिमोटचं बटण दाबाल तो तिचा. नेमका तेव्हाच नवा रिमोट यांच्या हातून सीटखाली गेला. हे वाकले, चष्मा पडला, मग चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात भिंतीपलीकडे आमचे दीर धनेंद्रभाऊ शेतावरून आले आणि सवयीने त्यांनी आपल्या गाडीचं बटण दाबलं. आमची गाडी टक्‌ करून हो म्हणाली.

दोघा भावांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, रंगही एकच. याचं कारण प्रेम नाही. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड धनेंद्रभाऊंनी न विचारता तोडलं तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. एकाने गाडी घेतली, तर दुसऱ्याने त्याच दुकानातून तीच घेतली. तर त्या दिवसापासून आमच्या गाडीला आमचे दोन्ही रिमोट ओळखेनात. यांनी पुन्हा कितीतरी वेळा चावी फिरवली, पण गाडी दुसऱ्यांदा काही ऐकायला तयार झाली नाही. धनेंद्रभाऊ संध्याकाळी आपली गाडी बंद करत, की आमचीही बंद. सकाळी ते उघडत, की आमचीही उघडे. मध्येच आपण चावीने दार उघडलं तर सायरन.

यांना मेकॅनिककडे जायचं नव्हतं, भावाकडे त्याहून नाही. जाऊ तिथेही गाडी बंद-उघड करायला धनेंद्रभाऊंचंच बटण लागणार, म्हणून आम्ही त्यांच्याच वेळेने, त्यांच्याच मागे फिरायला लागलो. ते निघणार असं दिसलं की मी पर्स घेऊन दाराशी उभी. ते तिरोड्याला लग्नाला, तर आम्हीही तिरोड्याला लग्नाला. (आमचं आमंत्रण नव्हतं, पण जेवण चांगलं होतं.) गावात लोक म्हणायला लागले, भावाभावांचं जुळलं वाटतं. माझी जाऊ योगेश्वरी विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या मागंमागं काऊन येऊन राहिले जी?" मी म्हटलं, योगायोग.

मागच्या आठवड्यात गोरेगावच्या बाजारात मात्र योगायोग संपला. तुझ्या भाचीच्या, रुचिच्या लग्नाची भांडी घ्यायला गेलो होतो. गाडी अर्थातच धनेंद्रभाऊंच्या गाडीजवळ लावली. त्यांनी आपली बंद केली, आमचीही झाली. आम्ही पाण्याचे पितळी गुंड, पराती घेऊन परत आलो तर त्यांचा पत्ता नाही. ऊन चढलं. यांनी न राहवून चावी लावली. संजू, तो सायरन एसटी स्टँडपर्यंत गेला असेल. माणसं जमली. एक कापडवाला म्हणाला, "मास्टरजी, गाड़ी आपकी है तो चिल्लाती काय को है?" यांनी हात मागे बांधले आणि प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहिले. कोणीतरी पोलिसाला बोलवायला गेलं. यांचे कान लाल झालेले मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले.

तेवढ्यात गर्दीमागे धनेंद्रभाऊ दिसले, हातात फुलकोबीची पिशवी. त्यांना वळून जाता आलं असतं. (आपल्या बटणासरशी आमच्याही गाडीची टकटक त्यांनी ऐकली असणारच.) त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हात वर करून त्यांनी बटण दाबलं, आणि आमची गाडी चूप.

"दादा, कवापासून चालू आहे हे?"

"मंडईपासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू बोलत होता का?"

"तू बोलत होता का?"

मग दोघेही गाडीत बसले आणि दारं लावून घेतली. मी बाहेर पराती घेऊन. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एकदा धनेंद्रभाऊंनी पंच्याने तोंड पुसलं, पण उन्हातल्या बंद गाडीत उकडतही असेल.

घरी येऊन दोघांनी मिळून गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. या वेळी गाड्यांनी ऐकलं, पण जास्तच. आता धनेंद्रभाऊंच्या रिमोटने दोन्ही गाड्या उघडतात आणि आपल्या नव्यानेही दोन्ही. रोज सकाळी भिंतीवरून आरोळी येते, "दादा, खोल ना!" (रिमोट त्यांच्याही खिशात असतो) आणि मग चहाला आलेला माणूस जेवूनच जातो. मांडवाचं सगळं मी पाहतो, असं ते काल म्हणाले. यांनी मला त्यांच्या ताटात आणखी भात वाढायला लावला.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझी बाई,
शामकला

ता. क. येत्या रविवारी ओळखीचा मेकॅनिक घेऊन येतो आणि दोन्ही गाड्या नीट करून देतो, असं तू यांना फोनवर म्हणालास (गाड्या बिघडल्या एवढंच यांनी सांगितलं असेल). येऊ नकोस. वैशाखात रुचिचं लग्न आहे. मांडव उतरेपर्यंत गाड्यांना कोणी हात लावायचा नाही. न येण्याचं कारण म्हणून यांना हर्षाची पाठ सांग.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच हे आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "संजूले लिहून टाक, एवढ्यात येऊ नको म्हणावं. कायले बिचाऱ्याची सुट्टी खराब करायची?" मी म्हटलं, पाहते, वेळ मिळाला तर लिहीन.