पद्मिनीच्या मागचे दिवे

३ नोव्हेंबर

आज दिग्रसच्या मार्केट यार्डाच्या गेटवर सोयाबीनचा ट्रॅक्टर आपल्या पद्मिनी गाडीला मागून टेकला. बंपर वाकला. ट्रॅक्टरवाला म्हणे, "काका, तुमी ब्रेक मारला हे समजलंच नाई. लाईट पेटतेच कुठं?" त्याले चांगलं सुनावलं. घरी येऊन बायकोला, कोकिळेला ब्रेकवर बसवलं आणि मागून पाहिलं. पेटते. पण उदबत्तीएवढी.

निर्णय: मागचे सगळे बल्ब एलईडी करायचे. ब्रेक, इंडिकेटर, सगळे. आणि स्वतः.

कोकिळा म्हणे, धर्मपालकडे नेऊन द्या. धर्मपाल म्हणजे बसस्टँडमागचा ऑटो इलेक्ट्रिशियन. मी म्हटलं, बल्ब बदलायला माणूस कायले पाहिजे? माझं भांड्याचं दुकान आहे, धातूची समज आहे. ती म्हणे, गाडी माझ्या बाबाची आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या महिन्यात तिच्या भावाच्या पोराचं, ऋतिकचं लोहाऱ्याला लग्न आहे. नवरदेव आजोबांच्या याच गाडीत मांडवात येणार, असं तिने भावाला कबूल केलं आहे.

येईल. आणि उजेडात येईल.

५ नोव्हेंबर

व्हिडिओ पाहिला. विषय क्लिअर. व्हिडिओ तमिळमध्ये होता, पण वायरची भाषा सगळीकडे एकच. पांढरे बल्ब सगळ्यात तेज असतात असं दिसलं. पांढरेच मागवले.

९ नोव्हेंबर, सकाळ

बल्ब आले. ब्रेकचा बल्ब होल्डरमध्ये बसेना. जुन्या काळचे होल्डर असेच. पकडीने बसवला. आता निघत नाही, म्हणजे फिटिंग पक्की.

सगळं जोडून झाल्यावर एक काळी वायर उरली. आधी ती पत्र्याला स्क्रूने अडकवलेली होती. तिचं काही काम दिसलं नाही. कंपनीने जास्तीची दिली असेल. टेप गुंडाळून ठेवली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्घाटन. कोकिळा ब्रेकवर, मी मागे. लाल काचेतून लाईट गुलाबी दिसते. शेजारच्या बसंतीबाई फाटकातून म्हणाल्या, "भाऊ, कुल्फीची गाडी काढून राह्यले का?" लोकांना नवीन गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

१० नोव्हेंबर

डावा इंडिकेटर दिला. टिकटिकटिकटिक. इतका फास्ट की कोकिळेनं विचारलं, गाडीला ताप आला का. मी समजावलं, ही स्पीड टेक्नॉलॉजी आहे. डावा दिला की उजवाही पेटतो. मागच्यानं दोन्हीची तयारी ठेवावी. सेफ्टी वाढली.

११ नोव्हेंबर

दारव्हा रोडवर ट्रायल घेतली. डावीकडे वळत होतो. मागचा मोटरसायकलवाला बाजूला येऊन म्हणे, "काका, नेमकं कुठं जाऊन राह्यले?" खबरदारी म्हणून खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने रामराम केला आणि निघून गेला.

१६ नोव्हेंबर

कारण सापडलं. एलईडी करंट कमी खाते, म्हणून टिकटिक. उपाय: रेझिस्टर. सोनेरी रंगाची छोटी डबी असते, ती जास्तीचा करंट खाते. गरम होते असं लिहिलं होतं. पण थंडीचे दिवस आहेत. डिक्कीत लावली. टिकटिक एकदम नॉर्मल!

कोकिळेला बोलावून ऐकवलं. ती म्हणे, पोळी करपून राह्यली. कलावंताच्या घरची माणसं अशीच असतात.

२० नोव्हेंबर

आज आहेराची खरेदी. कोकिळा आणि सासूबाईंना यवतमाळला नेलं. आल्यावर साड्यांचा गठ्ठा डिक्कीतच होता. गल्लीतले चार लोक जमले, म्हणून इंडिकेटर चालू ठेवून त्यांना सिस्टिम समजावत होतो. बसंतीबाई म्हणाल्या, कोनी पापड भाजून राह्यलं का?

पापड नव्हता. सासूबाईंची निळी रेशमी साडी होती. तिला बरोबर डबीच्या आकाराचं भोक.

मी म्हटलं, निऱ्यांमध्ये जाईल. सासूबाई हसल्या. कोकिळा साडीची घडी घालून आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवून कोकिळा समोर बसली. म्हणाली, "बाबानं मले याच गाडीवर चालवणं शिकवलं. गावातले लोक हसत, तरी शिकवलं. ऋतिक त्यांच्या गाडीत बसून मांडवात जावा, एवढंच मले पाहिजे. लाईट नसली तरी चालते."

ती गाडी चालवू शकते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला फक्त ब्रेकवर बसवत आलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. म्हणून ठरवलं, काम आणखी चांगलं करायचं.

२९ नोव्हेंबर

रेझिस्टर काढला. टिकटिक परत आली. आता मला ती आवडते.

गुलाबीवर उपाय: ब्रेकचा पांढरा बल्ब निघत नाही, म्हणून काचेला बाहेरून कोकिळेची लाल नेलपॉलिश लावली. दोन कोट. फर्स्ट क्लास लाल. वासही चांगला येतो. नेलपॉलिश लग्नासाठी आणली होती हे नंतर समजलं.

६ डिसेंबर

धर्मपाल दुकानासमोरून जाताना म्हणाला, "भाऊ, लग्नाच्या आधी एकदा पाहू का गाडी?" त्याला कोणी पाठवलं हे समजायला मी काही बावळट नाही. म्हटलं, लग्न झाल्यावर ये, शिकवतो.

८ डिसेंबर

काल लग्न झालं. सगळं इथं नीट लिहून ठेवतो, कारण लोक वेगवेगळं सांगून राह्यले.

संध्याकाळची वरात. लोहाऱ्याच्या हनुमान मंदिरापासून मंगल कार्यालयापर्यंत. पुढे बँड, मग नाचणारे, मग पद्मिनी. मागच्या सीटवर फेटा बांधून ऋतिक. मी स्टिअरिंगवर. गर्दीमुळे पहिल्या मिनिटालाच ब्रेक दाबला.

ब्रेक लाईट लागली. तिच्यासोबत दोन्ही इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा आणि समोरचे पार्किंग दिवेसुद्धा, सगळे एकदम फडफडायला लागले. ढोलाच्या ठेक्यावर. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

पुढे नाचणारी पोरं पाहता पाहता गाडीच्या मागे गेली. मी ब्रेक सोडला की ओरडायची, "काका, दाबा!" मी दाबायचो. मग बँडमालक इंद्रजीतही सगळा बँड घेऊन मागे आला. पुढे रस्ता रिकामा, मागे अख्खी वरात, आणि मध्ये मी ब्रेक दाबून. मुहूर्त जवळ येत होता. नवरीचे वडील कार्यालयातून चालत आले आणि हात जोडून म्हणाले, "पाव्हणे, आता येऊ द्या नवरदेवाले."

मी भावनेच्या भरात ब्रेक जोरात दाबला. करपट वास आला. दिवे गेले. हॉर्न गेला. इंजिनही गेलं.

ऋतिक म्हणाला, "काका, मी पायी जातो." दार उघडून एक पाय बाहेरही काढला. तेवढ्यात कोकिळा आली, शालू खोचून. म्हणाली, "बस तू आत." मग माझ्याकडे वळली. "तुमी उतरा. ढकला."

ती स्टिअरिंगवर बसली. मी आणि ती नाचणारी पोरं मागून. चढ होता. निघताना दिलेला नेलपॉलिशचा तिसरा कोट माझ्या हाताला चिकटत होता. कोकिळेनं गाडी अशी नेली की मांडवाच्या दारात केळीच्या खांबाला जराही लागली नाही. ऋतिक उतरला आणि आधी आत्याच्या पाया पडला. ती रडत होती की हसत होती, मागून दिसलं नाही.

मुहूर्त साधला. माझ्यामुळे, असं म्हणता येईल. ढकलण्यात सगळ्यात पुढे मीच होतो.

११ डिसेंबर

धर्मपाल दोरी बांधून गाडी घेऊन गेला. संध्याकाळी परत आणली. काचा पुसल्या, होल्डर बदलले, काळी वायर पुन्हा पत्र्याला लावली; सगळ्या दिव्यांची अर्थिंग तीच होती म्हणे. बल्ब एलईडीच, पण लाल. चांगले दिसतात. कल्पना माझीच.

१४ डिसेंबर

दुपारी बँडमालक इंद्रजीतचा फोन आला. पुढच्या सगळ्या वरातींना पद्मिनी पाहिजे म्हणे. मला माहीतच होतं. फोन स्पीकरवर टाकला, कोकिळेनंही ऐकावं म्हणून. मी सांगितलं, ती जुनी लाईट सिस्टिम मी पुन्हा बसवून देऊ शकतो.

तो म्हणे, "लाईट नको भाऊ. वहिनी स्टिअरिंगवर बसतीन का? लोकायले भल्लं आवडलं."

कोकिळा हो म्हणाली. लगेच.

मी विचारलं, आणि माझं काय?

"तुमी कायले तरास घेता? ढकलायले पोरं आहेत आमच्याकडे."

वायरिंगमधून सध्या निवृत्ती. तब्येतीच्या कारणाने.